रेडिओच्या सुवर्णकाळाची फिरकी घेणारा जुना संगीतमय विनोदी चित्रपट सुचवा

मंद्र_षड्ज

नमस्कार मंडळी. आमच्या नाशिकच्या ज्येष्ठ नागरिक संघात महिन्यातून एकदा जुना चित्रपट दाखवतो. पडदा, प्रोजेक्टर, स्पीकर सगळं संघाचंच आहे, चित्रपट निवडायचं काम माझ्याकडे असतं. येणारी बहुतेक मंडळी पंच्याहत्तरीच्या आसपासची, रेडिओच्या आवाजात वाढलेली. गेल्या वेळी चहाच्या वेळी विषय निघाला की टीव्ही येण्याआधी अमेरिकेत रेडिओचं जे प्रचंड वेड होतं, त्यावरचा एखादा चित्रपट पाहू या.

मला हवाय तो चित्रपट गाण्यांचा आणि हसवणारा असावा, आणि त्यात रेडिओच्या धंद्याची खरीखुरी फिरकी घेतलेली असावी. निवेदक, गायक, जाहिरातदार, स्टेशनचे साहेब, सगळे त्यात आले पाहिजेत. शक्यतो त्याच काळात, म्हणजे १९३० ते १९५० च्या दरम्यान काढलेला असावा. लांबी दीड तासाच्या आसपास. मराठी उपशीर्षकं मिळणार नाहीत हे गृहीत धरलंय, त्यामुळे आधी थोडी ओळख करून द्यावी लागेल. ती कशी करून द्यावी, हेही सांगा. कधी कधी नातवंडंही येतात, तेव्हा काही जपण्यासारखं असेल तर तेही सांगा.

खरखर

वुडी अॅलनचा 'रेडिओ डेज' (१९८७). डोळे मिटून लावा. न्यूयॉर्कमधल्या रॉकअवे बीचवरचं एक ज्यू कुटुंब, घरात अखंड चालू असलेला रेडिओ आणि तो ऐकत मोठा होणारा मुलगा. चोर घरात शिरतात, तेवढ्यात फोन वाजतो, तो रेडिओवरच्या प्रश्नमंजूषेचा असतो आणि चोरच उत्तरं देत बसतात. हा एक प्रसंग पाहूनच तुमची मंडळी खूश होतील.

मंद्र_षड्ज

खरखर, धन्यवाद. तो पाहिलाय आणि मनापासून आवडतो. मावशी गाडीत बसलीये, रेडिओवर मंगळावरून हल्ला झाल्याची बातमी लागते आणि तिला फिरायला घेऊन आलेला माणूस तिला तिथेच टाकून पळतो, तो प्रसंग तर फारच छान. पण तो मागे वळून पाहणारा चित्रपट आहे, ऐकणाऱ्यांच्या बाजूने काढलेला. मला रेडिओ जोरात असताना, स्टुडिओच्या आतल्या बाजूने काढलेलं काहीतरी हवंय.

लघुलहरी

मग तुम्हाला 'द बिग ब्रॉडकास्ट' हवाय. पॅरामाउंटचा, १९३२ चा, दिग्दर्शक फ्रँक टटल. त्याच नावाचे पुढे १९३६, १९३७ आणि १९३८ अशी सालं लावलेले आणखी तीन चित्रपट निघाले, त्यामुळे मागवताना नीट बघा. तुम्हाला हवाय तो साल न लावलेला, पहिला.

गोष्ट थोडक्यात अशी. डब्ल्यूएडीएक्स नावाचं एक रेडिओ स्टेशन. त्याचा हुकमी एक्का म्हणजे गायक बिंग क्रॉस्बी. तो पडद्यावर जवळजवळ स्वतःचीच भूमिका करतो. आवाज लोण्यासारखा, पण वक्तशीरपणाच्या नावाने शून्य. कार्यक्रम सुरू व्हायची वेळ होते आणि साहेबांचा पत्ता नसतो. प्रायोजक भडकतो, स्टेशन बुडायला लागतं. प्रेमभंग झालेला टेक्सासचा एक तेलवाला लक्षाधीश (स्टुअर्ट अर्विन) शेवटी ते स्टेशनच विकत घेतो. मॅनेजर जॉर्ज बर्न्स आणि दारात बसणारी ग्रेसी अॅलन. ही जोडी त्याच वर्षी सीबीएस या रेडिओ कंपनीवर खरोखर गाजायला लागली होती. ग्रेसी प्रश्नाला असं उत्तर देते की विचारणाराच गोंधळून परत जावा, आणि ती मात्र पूर्ण गंभीर.

आता मी हा चित्रपट पहिला का सांगतो. त्यातला मुख्य विनोद त्या काळच्या रेडिओच्या एका खऱ्या नियमावर उभा आहे. एनबीसी आणि सीबीएस ही देशभरची स्टेशनं जोडणारी दोन मोठी जाळी ध्वनिमुद्रित कार्यक्रम लावत नसत. सगळं थेट. न्यूयॉर्कहून संध्याकाळी कार्यक्रम झाला की पश्चिम किनाऱ्यावरच्या श्रोत्यांसाठी तीच मंडळी तीन तासांनी परत माइकसमोर उभी राहून तोच कार्यक्रम पुन्हा करायची. त्यामुळे घड्याळ हा तिथला खरा मालक. गायक आला नाही तर मागे काही नाही, नुसती शांतता, आणि रेडिओवर शांततेइतकी भीतीदायक गोष्ट दुसरी नाही. चित्रपटाचा शेवटचा भाग याच भीतीवर चालतो. क्रॉस्बी गायब, कार्यक्रम तोंडावर आलेला, आणि तो लक्षाधीश क्रॉस्बीची रेकॉर्ड मिळवायला शहरभर धावत सुटतो. थेट गाण्याच्या जागी तबकडी लावून वेळ मारून न्यायचा त्याचा बेत. ही धावपळ बरीचशी मूकपटाच्या ढंगाने घेतली आहे, संवाद नाममात्र, त्यामुळे इंग्रजी न कळणाऱ्यालाही पूर्ण कळते. रेकॉर्डचं पुढे काय होतं ते सांगत नाही.

तुमच्या मंडळींना आधी एवढंच सांगा की तेव्हा सगळं थेट होतं. ते माहीत नसेल तर एक माणूस तबकडीसाठी एवढा का धावतोय तेच कळणार नाही. आणि चित्रपट संपल्यावर दुसरी गोष्ट सांगा. याच क्रॉस्बीने १९४६ साली तो नियम मोडला. थेट कार्यक्रमाच्या वेळापत्रकाला तो कंटाळला होता, एनबीसी ऐकेना, म्हणून तो नव्याने उभ्या राहिलेल्या एबीसीवर गेला आणि 'फिल्को रेडिओ टाइम' हा आधी मुद्रित केलेला कार्यक्रम सुरू केला. सुरुवातीला तबकड्यांवर. १९४७ पासून जॅक मलिन या अभियंत्याने जर्मनीहून आणलेल्या यंत्रांच्या जोरावर चुंबकीय टेपवर. अँपेक्स या तेव्हाच्या लहानशा कंपनीत क्रॉस्बीने ५०,००० डॉलर घातले, ते याच टेपच्या यंत्रांसाठी. १९३२ मध्ये ज्याच्या जागी रेकॉर्ड लावायची हा विनोद होता, त्यानेच चौदा वर्षांनी रेडिओला रेकॉर्डिंगची सवय लावली. मला या चित्रपटाचं वेड लागलं ते हे वाचल्यापासून.

लघुलहरी

गाण्यांबद्दल वेगळं लिहितो, कारण तुमच्याकडे कानसेन मंडळी येतात.

क्रॉस्बीचं 'प्लीज' हे गाणं पाहाच. तो सहज तालीम केल्यासारखा गातो आणि शेजारी एडी लँग गिटार वाजवतोय. जॅझमध्ये गिटारला स्वतंत्र वाद्य म्हणून मान मिळवून देणाऱ्यांत लँग अगदी पहिल्या फळीतला. चित्रपट ऑक्टोबर १९३२ मध्ये आला आणि १९३३ च्या मार्चमध्ये लँग गेला, टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेत. त्याला वाजवताना पाहायची संधी फार कमी ठिकाणी मिळते. त्याचा उजवा हात बघा. क्रॉस्बी ओळ संपवून श्वास घेतो तेवढ्या जागेत तो दोन-तीन स्वर टाकतो आणि लगेच मागे सरतो. आपल्याकडे चांगला हार्मोनियमवाला गायकाला जशी जागा देतो, तसंच.

दुसरे मिल्स ब्रदर्स. ओहायोचे चार सख्खे भाऊ. सोबत एकच गिटार, बाकी ट्रम्पेट, ट्यूबा सगळं तोंडाने. 'टायगर रॅग' गाताना तोंडापुढे हाताची ओंजळ धरतात आणि ती उघडत-मिटत ट्रम्पेटचा आवाज काढतात. रेडिओवर ऐकणाऱ्याला खरा वाद्यवृंदच वाटायचा. पडद्यावर ते हात दिसतात तेव्हा लोक हमखास टाळ्या वाजवतात.

शिवाय न्यू ऑर्लिन्सच्या बॉसवेल भगिनी, कॅब कॅलोवे, केट स्मिथ. त्या वेळी लोकांनी हे आवाज रोज ऐकलेले होते, पण चेहरे पाहिले नव्हते. चित्रपटगृहात गर्दी झाली ती त्यासाठी.

जपण्यासारखं दोन ठिकाणी आहे. कॅब कॅलोवेचं गाणं अफूच्या व्यसनावर आहे आणि तो तसे हावभावही करतो. आणि प्रेमभंग झालेले दोन मित्र गॅस सोडून मरायला निघतात, तो प्रसंग विनोदी ढंगाने घेतलाय. हॉलिवूडची आचारसंहिता १९३४ मध्ये कडक व्हायच्या आधीचा चित्रपट आहे हा. लहान मुलं असतील तर आधी एकदा स्वतः पाहून ठरवा.

सांजवेळ

लघुलहरी, माहिती उत्तमच, पण मला वाटतं पहिला मान 'वेक अप अँड लिव्ह'ला (१९३७) मिळावा. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा, दिग्दर्शक सिडनी लॅनफिल्ड. 'बिग ब्रॉडकास्ट'ची गोष्ट मध्ये मध्ये सैल पडते, एक गाणं झालं की दुसऱ्या गाण्यापर्यंत ओढत नेल्यासारखी. 'वेक अप'ची गोष्ट मात्र पहिल्यापासून घट्ट आहे.

एक तरुण, एडी केन (जॅक हेली), छान गातो, पण माइक दिसला की घशातून आवाज फुटत नाही. गायक व्हायला आला आणि रेडिओच्या इमारतीतच किरकोळ नोकरीला लागला. भीती घालवायची म्हणून बंद असलेल्या माइकसमोर उभा राहून, दुसरीकडे चाललेल्या वाद्यवृंदाच्या प्रक्षेपणाबरोबर गायला लागतो. माइक बंद नसतोच. देशभर त्याचा आवाज जातो, लोक वेडे होतात, आणि हा गाणारा कोण हे कुणालाच ठाऊक नाही. खुद्द गाणाऱ्यालाही ठाऊक नाही! पेपरवाले आणि रेडिओवाले त्या अज्ञात गायकाच्या मागे लागतात, कुणी त्याचं श्रेय घ्यायला बघतं, कुणी भांडं फोडायला. ज्यांना स्टेजवर उभं राहायची भीती वाटली आहे अशा प्रत्येकाला एडी आपला वाटेल.

फिरकी तर अशी की वॉल्टर विंचेल आणि बेन बर्नी स्वतःच स्वतःच्या भूमिकेत आहेत. विंचेल म्हणजे मशीनगनसारखा बोलणारा, गावगप्पांचा बादशहा स्तंभलेखक आणि रेडिओ निवेदक. बोलता बोलता तारयंत्राची कळ टकटकवायचा. त्या टकटकीला अर्थ काही नसे, नुसता बातमीचा भास. बर्नी वाद्यवृंदाचा म्होरक्या. ही दोघं रेडिओवर एकमेकांशी वर्षानुवर्षं खोटं भांडण खेळत होती आणि श्रोते चवीने ऐकत होते. चित्रपटात तेच भांडण कथेत विणलंय. अॅलिस फेचं 'देअर्स अ लल इन माय लाइफ' ऐका, बाकी मी काही सांगत नाही.

आणखी एक. हेलीच्या तोंडचं गाणं त्याचं नाही, ते बडी क्लार्क गायलाय. पडद्यावर एकजण आणि आवाज दुसऱ्याचा हे आपल्याला नवं नाही. पण ज्या गोष्टीत अख्खा देश एका बिनचेहऱ्याच्या आवाजाला शोधतोय, त्यात खरा गाणारा पडद्यामागेच राहिला, हे मला फार लागतं. तुम्ही बडी क्लार्कचं नाव मंडळींना मुद्दाम सांगा.

खरखर

जॅक हेली म्हणजे 'विझार्ड ऑफ ऑझ'मधला पत्र्याचा माणूस ना?

सांजवेळ

तोच. दोनच वर्षांनी, १९३९ मध्ये. नातवंडं येणार असतील तर ही ओळख उपयोगी पडेल.

डोंबिवली_फास्ट

वाचतोय, छान चाललंय. एक शंका. सगळ्यांच्या लिहिण्यात 'प्रायोजक भडकला' असं येतंय. एका कंपनीच्या रागाने अख्खं स्टेशन बुडतं, हे आमच्या पिढीच्या डोक्यात बसत नाही. आज एखादी जाहिरात गेली तर दुसरी येते.

लघुलहरी

चांगला प्रश्न, आणि मंद्र_षड्ज यांना ओळख करून देताना हाच मुद्दा सर्वात महत्त्वाचा ठरेल.

तेव्हा जाहिरातदार दोन गाण्यांच्या मधला अर्धा मिनिट विकत घेत नसे. तो अख्खा कार्यक्रमच चालवायचा. अर्धा तास किंवा तास त्याचा, कलाकार त्याने निवडलेले, लेखक त्याच्या जाहिरात कंपनीने ठेवलेले, आणि कार्यक्रमाच्या नावातही त्याचंच नाव. रूडी व्हॅलीचा गाजलेला कार्यक्रम १९२९ पासून फ्लाइशमन यीस्टच्या नावाने चालला. 'अॅमॉस अँड अँडी' पेप्सोडंट टूथपेस्टचा. जॅक बेनीने १९३२ मध्ये सुरुवात केली कॅनडा ड्राय या पेयासाठी, पुढे तो जेल-ओचा झाला आणि इतकी वर्षं राहिला की श्रोत्यांच्या डोक्यात दोन्ही नावं एक झाली. त्यामुळे साबण किंवा यीस्ट विकणाऱ्या साहेबाला एखादं गाणं पसंत नसेल, नाही तर त्याच्या बायकोला पसंत नसेल, तर ते गाणं गेलं. या चित्रपटांत थट्टा होते ती मुख्यतः या माणसाची. गायक जरा लहरी, निवेदक जरा बडबडे, पण खरा हास्यास्पद माणूस म्हणजे संगीतातलं काही कळत नसताना पैशाच्या जोरावर संगीत ठरवणारा.

नाशिकच्या मंडळींना हे पटकन समजेल, कारण त्यांनी बिनाका गीतमाला ऐकलेली आहे. टूथपेस्टचं नाव आणि कार्यक्रमाचं नाव एकच, ही रचना थेट अमेरिकन पद्धतीची. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ती सुरू झाली, तेव्हा आकाशवाणी सिनेसंगीताला दार लावून बसली होती. माहितीमंत्री बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी, त्यांच्या धोरणामुळे. विविध भारती १९५७ मध्ये आली, तरी तिच्यावर जाहिराती यायला १९६७ उजाडलं, आणि सुरुवात झाली मुंबई, पुणे, नागपूर या केंद्रांपासून. म्हणजे सत्तरीच्या पुढच्या माणसांनी जाहिरात नसलेला सरकारी रेडिओ आणि जाहिरातीवर चालणारा सिलोन, दोन्ही एकाच रेडिओवर ऐकलेत. त्यांना प्रायोजक कोण हे समजवावं लागणार नाही, नुसती आठवण करून द्या.

प्रायोजकावरची सरळ चढाई पाहायची असेल तर 'ट्वेंटी मिलियन स्वीटहार्ट्स' (१९३४). वॉर्नर ब्रदर्स, दिग्दर्शक रे एनराइट. बिअर गार्डनमध्ये गात गात वाढणारा वेटर (डिक पॉवेल), त्याला हेरणारा तोंडाळ दलाल (पॅट ओब्रायन) आणि आधीच नावारूपाला आलेली रेडिओ गायिका (जिंजर रॉजर्स). मुलगा प्रेमात पडतो, आणि दलालाचं धाबं दणाणतं. लाखो बायका रेडिओशी कान लावून हा आपल्यालाच गातोय असं समजतात, त्याचं लग्न ठरल्याचं कळलं तर कोण ऐकणार? नाव त्यावरूनच आहे. नेहमी टोळीतल्या गुंडांच्या भूमिका करणारा अॅलन जेंकिन्स यात मुलांच्या कार्यक्रमाचा 'अंकल पीट' आहे. गाणी हॅरी वॉरन आणि अल डुबिन यांची. 'आय'ल स्ट्रिंग अलाँग विथ यू' ऐकल्यावर दिवसभर डोक्यातून जात नाही. मिल्स ब्रदर्स यातही आहेत.

चार 'बिग ब्रॉडकास्ट'पैकी १९३७ च्या चित्रपटात बर्न्स आणि ग्रेसी अॅलन स्वतःच प्रायोजक झालेत, गोल्फचे चेंडू विकणारे मिस्टर आणि मिसेस प्लॅट, आणि जॅक बेनी त्यांच्या तालावर नाचणारा स्टेशन मॅनेजर. पहिल्या चित्रपटात दारात बसणारी ग्रेसी इथे सगळ्यांची मालकीण. हसून हसून पुरेवाट. त्यातच जॅझवाल्या बेनी गुडमनचा वाद्यवृंद आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा वाद्यवृंद-संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की एकाच चित्रपटात, हे पुन्हा कुठे बघायला मिळणार?

न्यूजर्सीकर

'ट्वेंटी मिलियन'वरून वॉर्नरनेच १९४९ मध्ये 'माय ड्रीम इज युअर्स' काढला. दिग्दर्शक मायकल कर्टिझ, म्हणजे 'कॅसाब्लांका'वाला. गायक पुरुषाच्या जागी डॉरिस डे, रंगीत, आणि स्वप्नातल्या एका प्रसंगात बग्ज बनी नाचतो. प्रेक्षकांत मुलं जास्त असतील अशी सुट्टी असेल तर हा लावा. फिरकीची धार मात्र बोथट झालीये, प्रायोजकापेक्षा प्रेमप्रकरणालाच जागा जास्त. तेच जुनं गाणं यात डॉरिस डे गाते, ते मात्र सुंदर.

मिळण्याबद्दल. पॅरामाउंटचे १९५० च्या आधीचे बहुतेक चित्रपट १९५८ मध्ये विकले गेले, आज ते युनिव्हर्सलकडे आहेत. त्यामुळे 'बिग ब्रॉडकास्ट' शोधताना पॅरामाउंटच्या यादीत वेळ घालवू नका. वॉर्नरचे दोन्ही वॉर्नरकडेच. आणि एक विनंती, संघाचा कार्यक्रम विनातिकीट असला तरी सार्वजनिक प्रदर्शन आहे. विकत घेतलेली डिस्क घरी बघण्यासाठी असते. हक्क कुणाकडे आहेत ते पाहून आधी परवानगी मागा, चांगल्या कामासाठी आहे म्हणून सोडू नका.

बोरूबहाद्दर

सगळे अमेरिकेतच अडकलात, म्हणून इंग्लंडची एक भर घालतो. 'रेडिओ परेड ऑफ १९३५'. साल नावात असलं तरी निघाला १९३४ च्या अखेरीस. दिग्दर्शक आर्थर वुड्स, मुख्य भूमिकेत विल हे. यातलं स्टेशन एनबीजी नावाचं, आणि ते कोणाचं सोंग आहे हे ओळखायला ब्रिटिश प्रेक्षकाला क्षणही लागला नसणार. बीबीसी, आणि तिचे कडक शिस्तीचे महासंचालक जॉन रीथ. तिथे जाहिरातदार नव्हता, श्रोत्यांच्या परवाना शुल्कावर काम चाले. त्यामुळे थट्टा प्रायोजकाची नाही, साहेबशाहीची. वर कुणाला काय आवडतं याची पर्वा नाही, आणि तक्रार विभाग तक्रारींखाली गाडला गेलेला.

आपल्याला हा जवळचा वाटावा असं एक कारण आहे. आकाशवाणी उभी राहिली ती बीबीसीच्याच साच्यात. लायनेल फील्डन बीबीसीतून १९३५ मध्ये इकडे आले आणि १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव लागलं. ज्यांनी आकाशवाणीत नोकरी केली त्यांना यातल्या फायली आणि शिपाई ओळखीचे वाटतील. चित्रपट म्हणून मात्र तो विस्कळीत आहे, एका मागून एक कलाकार येऊन आपली कला दाखवून जातात. पहिला म्हणून लावू नका.

डोंबिवली_फास्ट

लघुलहरी, प्रायोजकाचं आता नीट कळलं. अजून एक विचारतो. चित्रपटवाल्यांना रेडिओ म्हणजे प्रतिस्पर्धीच ना? लोक घरी बसून फुकट ऐकायला लागले तर तिकीट कोण काढणार? म्हणून ही थट्टा केली असेल का, सूड म्हणून?

लघुलहरी

धास्ती होतीच. 'अॅमॉस अँड अँडी'च्या वेळेला चित्रपटगृहं ओस पडू नयेत म्हणून कित्येक ठिकाणी चित्रपट थांबवून तो कार्यक्रमच प्रेक्षकांना ऐकवत. (तो कार्यक्रम गोऱ्या कलाकारांनी कृष्णवर्णीयांची नक्कल करून केलेला होता, हे मंडळींना सांगताना लपवू नये.) पण सूड म्हणाल तर नाही. १९२९ मध्ये पॅरामाउंटने सीबीएसचा जवळजवळ निम्मा हिस्सा, ४९ टक्के, घेतला होता, आणि १९३२ मध्ये तो परत विकला. त्याच वर्षी 'बिग ब्रॉडकास्ट' आला, तोही सीबीएसच्या तारे-तारकांना घेऊन. म्हणजे काढणाऱ्यांना आतलं सगळं ठाऊक होतं. क्रॉस्बीची उशिरा येण्याची थट्टाही हवेतली नाही. १९३१ मध्ये सीबीएसवर त्याचा पहिलाच कार्यक्रम आवाज बसल्यामुळे पुढे ढकलावा लागला होता आणि त्यावरून नाना वावड्या उठल्या होत्या. त्याच क्रॉस्बीने वर्षभरात पडद्यावर येऊन ती वावडी स्वतःच रंगवली. रेडिओवर प्रेम असलेल्या माणसांनी केलेली ही थट्टा आहे, म्हणून ती नव्वद वर्षांनीही शिळी होत नाही.

सांजवेळ यांचं एक म्हणणं मला मान्य आहे, 'वेक अप'ची गोष्ट जास्त बांधेसूद आहे. पण रेडिओ म्हणजे काय होता, ती घड्याळाची धडधड, तो माइक, ते सगळे आवाज एका छताखाली, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला 'बिग ब्रॉडकास्ट'नेच दिसेल. गोष्ट सैल आहे म्हणून गाण्यांना जागा मिळाली, मला तो दोष वाटत नाही.

सांजवेळ

यावर आपलं एकमत व्हायचं नाही, आणि नको व्हायला. मंद्र_षड्ज, ग्रेसी अॅलनचे संवाद भराभर येतात, शब्दांच्या कोट्या आहेत. एका कागदावर दोन-चार कोट्यांचा मराठी सारांश छापून खुर्च्यांवर ठेवा, मोठ्या अक्षरात. आम्ही आमच्या वाचनालयात असं करतो, लोक चित्रपटाआधीच वाचून तयार बसतात.

मंद्र_षड्ज

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

ठरवलंय ते असं. पहिल्या महिन्यात 'द बिग ब्रॉडकास्ट' (१९३२), त्याआधी थेट प्रक्षेपण आणि प्रायोजक यावर थोडं बोलेन, बिनाकाची आठवण करून देऊन. टेपची गोष्ट चित्रपट संपल्यावर. त्या दिवशी नातवंडांना आणू नका असं सूचनेतच लिहितो. पुढच्या महिन्यात 'वेक अप अँड लिव्ह', तेव्हा सगळ्यांना आमंत्रण, आणि बडी क्लार्कचं नाव सूचनेवरच छापतो. परवानगीचं पत्र आधी टाकतो, उत्तर आल्यावरच तारीख जाहीर करेन. सांजवेळ, कागदाची कल्पना उचलली.

एकच विचारायचं राहिलं. आमच्या स्पीकरवर जुन्या चित्रपटांचा आवाज कर्कश येतो, श्रवणयंत्र लावणाऱ्यांना त्रास होतो. काय करावं?

लघुलहरी

१९३२ चा आवाज एकाच वाहिनीचा आहे, त्यामुळे 'सराउंड' किंवा तत्सम जे काही चालू असेल ते बंद करा. वरच्या पट्टीचा आवाज थोडा कमी करा, पण अगदी दाबू नका, नाही तर खरखर जाईल आणि त्याबरोबर शब्दही जातील. खालची पट्टी वाढवायचा मोह टाळा, त्याने बोलणं घुमतं. स्पीकर पडद्याच्या जवळ, प्रेक्षकांच्या कानाच्या उंचीवर ठेवा. आणि आदल्या दिवशी रिकाम्या सभागृहात 'प्लीज' लावून मागच्या रांगेत बसून पाहा. लँगची गिटार तिथपर्यंत स्पष्ट ऐकू आली की बाकी सगळं येईल.